तांबड्या रश्श्याचा नळ

माझ्या हातात ड्रिल मशीन होतं आणि आण्णा पातेल्याच्या पुढे उभे होते.

"पावणं, नळ हौदाला बसवत्यात. रश्श्याला न्हाई."

आण्णा आचारी. लग्न, जत्रा, निवडणुकीतला विजय आणि कधीकधी पराभवसुद्धा त्यांच्या तांबड्या रश्श्याशिवाय साजरा होत नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. चालणं-बोलणं सावरलं, पण उजव्या हाताची पकड गेली ती गेलीच. रस्सा होतो जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, भल्यामोठ्या पातेल्यात. तो बादलीत ओतायचा तर दोघांनी कडेला फडकी धरून पातेलं तिरकं करावं लागतं. एक बाजू कायम आण्णांची. मागच्या एका लग्नात त्यांची बाजू सुटली आणि उकळता रस्सा पायावर आला.

त्यांचा मुलगा संदीप कागलला एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्याचं म्हणणं सरळ होतं: बस झालं, भांडी विकूया. शालनवैनी, म्हणजे आण्णांच्या पत्नी, दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात माझ्या वर्कशॉपवर आल्या. मी आयुष्यभर एका डेअरीत मेंटेनन्स केलं, आता स्टीलची बारीकसारीक कामं करतो.

"पातेलं तिरकं करायला लागू नये असं कायतरी करा," त्या म्हणाल्या. "न्हाईतर हे घरात बसतील. आणि बसलेला माणूस माझ्या बघण्यात फार दिवस ऱ्हात न्हाई."

तर आण्णा हलेनात. शेवटी वैनीच पुढे आल्या. "सरका बाजूला. पातेलं माझ्या बानं दिल्यालं हाय. भोक तुमच्या काय बापाच्या भांड्याला पडतंय व्हय?"

आण्णा सरकले.

बॉल व्हॉल्व्ह म्हणजे पोटात आरपार भोक असलेला स्टीलचा गोळा. दांडी नळीच्या रेषेत आली की भोक समोर येतं, वाट मोकळी. दांडी आडवी केली की गोळ्याची बंद बाजू समोर. पाव फेऱ्यात काम. मी तळापासून दोन बोटं वर भोक पाडलं, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या. आतून-बाहेरून सिलिकॉनचे वॉशर, आतून नट आवळला. वेल्डिंग टाळलं. इतकं पातळ जर्मन वेल्डिंगला वाकडं होतं. व्हॉल्व्ह उघडून धुता येईल असाच घेतला, कारण गोळ्याच्या मागे साचलेलं दुसऱ्या दिवशी आंबतं. डेअरीत हे आम्ही नाकानं शिकलो.

मग टेस्टिंग. पातेल्यात पाणी भरून उकळलं, गॅस बंद केला आणि व्हॉल्व्हच्या खाली पेपर पसरला. गळती असली तर पेपर सांगतो. पेपर सगळा कोरडा राहिला. अग्रलेख तर आधीपासूनच होता.

रविवारी ट्रायल. गल्लीला जेवण. संदीपनं नारळ आणला आणि दांडीला झेंडूचा हार घातला. हारामुळे दांडी फिरेना, म्हणून काढावा लागला. डेअरीतही नवीन प्लँटला फीत कापायला कुणीतरी मोठं यायचं. त्यांच्या नावाच्या पाट्या टिकल्या, प्लँट बदलले.

मी दांडी फिरवली. रस्सा सुरेख धारेनं बादलीत पडला. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. आण्णांनी बादलीत बघितलं.

"तर्री कुठं हाय?"

बादलीतला रस्सा विटा धुतलेल्या पाण्यासारखा दिसत होता. तर्री, म्हणजे वरचा लालभडक तेलाचा थर, पातेल्यात वरच्या वर तरंगत होती. पातेलं तिरकं केलं की तर्री पहिल्यांदा ओघळते आणि रश्श्यात मिसळते. नळ मात्र तळातलं काढतो.

"पहिल्या पंगतीला पावणं बसत्यात," आण्णा म्हणाले. "शेवटच्या पंगतीला घरची माणसं. पावण्यांस्नी फिक्कं पाणी वाढायचं आन तर्री आपण वरपायची?"

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. स्टुलावर बसले आणि संदीपकडे न बघता म्हणाले, "वीक बाबा भांडी."

वैनींनी माझ्याकडे बघितलं.

दुधावर साय येते, तशीच ही तर्री. डेअरीच्या टाकीत साय वर जमू नये म्हणून अॅजिटेटर असतो. मोटरवर सावकाश फिरणारं पातं. मी लांब दांड्याचा डाव उचलून आण्णांच्या डाव्या हातात दिला.

"सावकाश ढवळा. तळातून वर."

"रस्सा ढवळायचं मला शिकवताय व्हय?" म्हणत त्यांनी स्टूल पुढे ओढलं. डाव कडेनं आत घातला, तर्री हळूच खाली घेतली, वर आणली. पातेलं एकसारखं लाल झालं.

"सोड," ते म्हणाले.

वैनींनी दांडी फिरवली. बादली लाल भरली.

"बंद. आगं बंद म्हंतोय न्हवं!"

"व्हय मालक. बंद केलं मालक."

आण्णा हसले. तोंडाची एक बाजू अजून नीट उठत नव्हती. वैनींनी तिकडे बघायचं टाळलं आणि दुसरी बादली लावली.

पंगत उठल्यावर संदीप माझ्याजवळ आला. हुशार मुलगा. "काका, वर बारकी मोटर बसंल की. मग आण्णांस्नी बसायची पण गरज न्हाई."

अर्धी नोकरी मी टाक्यांवर मोटरी बसवल्या आहेत. या पातेल्यावर ती बसवणं तासाभराचं काम होतं. मी खिशातून टेप काढला, पातेल्याचं तोंड मोजलं, खोली मोजली, थोडा विचार केला.

"बसत नाही," मी म्हणालो.

"का?"

"वाफ लागते. वाइंडिंग जळतं."

वैनी पाठमोऱ्या भांडी आवरत होत्या. वळल्या नाहीत, पण माझ्या वाटीत न विचारता रस्सा आला. वर बोटभर तर्री.

त्यानंतर आण्णांनी एकही ऑर्डर सोडलेली नाही. नोकरीत मला माणूस कमी कसा करायचा हे शिकवलं होतं, आणि ते मी नीट शिकलो. कुठे करायचा नाही, याचं ट्रेनिंग नव्हतं. व्हॉल्व्ह अजून गळत नाही. संदीप अधूनमधून मोटरीचं विचारतो. मी दर वेळी टेप लावून मोजतो, आणि दर वेळी ती बसत नाही.