हातभरआजाची पिल्लं

जाळ्यात आलेली मासोळी हातभरआजा आधी आपल्या हातावर निजवायचा. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पुरली तर टोपलीत, नाही तर पाण्यात. "हातभर होऊ दे, मंग पाहू," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्यावरूनच गावानं त्याचं नाव ठेवलं आणि त्याचं खरं नाव मतदार यादीपुरतं उरलं. आमच्या दिघोरीच्या तलावावर त्याच्या आधीच्या मासेमार ढिवरांच्या कित्येक पिढ्या जगल्या, पण मासोळीशी असा हिशोबानं वागणारा मी हा एकच पाहिला.

आमच्याकडं जेवायला आला की आधी रश्श्यात डोकावायचा. तुकडे लहान दिसले की माझ्या आईला विचारायचा, "कोनाचे लेकरं शिजवले बाई?" आई चिडायची. शेवटी त्याच्या पानात वांग्याची भाजी वाढायची आणि स्वयंपाकघरातून ऐकू येईल असं पुटपुटायची.

श्रावणात मच्छीमार संस्थेचं बीज यायचं. मत्स्यबीज केंद्रातल्या टाकीत जन्मलेली, बोटाएवढी रोहू-कतल्याची पिल्लं, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या थैल्यांत. थैल्या उघडायची सगळ्यांना घाई, पण आजा त्या बंदच पाण्यावर तरंगत ठेवायला लावायचा. बाहेरच्या पाण्याची ओळख झाल्याशिवाय सोडलेलं पिल्लू दचकून मरतं, असं त्याचं म्हणणं. तेवढा वेळ तो काठावर उकिडवा बसून थैल्यांकडं बघत राहायचा.

बगळ्यांनी आणि मोठ्या मासळीनं पिल्लं खाऊ नयेत म्हणून ती सुरुवातीला पाण्यातल्या जाळीच्या कुंपणात ठेवत. त्यांना कोंडा आणि पेंडीची ढेप खाऊ घालायचं काम आजाकडं होतं. पंधरा दिवस खाऊ घाल, मग मोकळी सोड आणि विसर, असं संस्थेनं सांगितलं होतं. आजाला विसरणं जमलं नाही. कुंपण निघालं तरी तो रोज सकाळी काठावर जायचा, तेलाचा रिकामा डबा काठीनं वाजवायचा आणि मूठभर कोंडा फेकायचा. सगळ्या तलावातून पिल्लं धावत यायची. त्याच्या पायाच्या बोटांना तोंड लावायची. एवढा वाकड्या तोंडाचा म्हातारा, पण तेव्हा हसायचा.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण ती टाळून आजा सांगता येणार नाही. मी जवाहरनगरला नोकरीला. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत क्वार्टरमधल्या दोन मित्रांना गावी आणलं. शहाणपण मिरवायची खोड मला पहिल्यापासून आहे. दुपारी आजा घरी झोपलेला पाहून मी त्यांना तलावावर नेलं आणि डबा वाजवला. पिल्लं आली. मित्र थक्क झाले, मी फुगलो. मग एकानं कुणाचं तरी वाळत घातलेलं फेकजाळं उचललं. मी नको म्हणू शकलो असतो. मी डबा वाजवत राहिलो. दोन बादल्या भरल्या, सगळी वीतभराची. दुसऱ्यानं मोबाइलवर त्याचा व्हिडिओ केला.

तो व्हिडिओ आसपासच्या सगळ्या गावांत पोचला. आठ दिवसांत कुणीही यायचा, थाळी वाजवायचा, मच्छरदाणीनंसुद्धा पिल्लं उपसायचा. संस्थेनं पहारा बसवला तोवर उपसायला फारसं उरलं नव्हतं. होळीच्या आधी ढिवर घरांनी मोठं जाळं ओढलं, त्यात शेवाळ आलं आणि थोडी झिंगे-बोटवीसारखी बारीक मासळी. वर्षभराचा घास गेला होता. जाळं ओढणाऱ्यांपैकी कुणी मला शिवी दिली नाही, याचीच मला जास्त लाज वाटली.

मी आजाकडं गेलो आणि जे झालं ते सांगितलं. तो फाटकं जाळं विणत होता.

"तुनं नाई पकडले रे बाबू," तो म्हणाला. "मीच बलावत होतो त्याहिले. तुनं फकत माह्या नावानं हाक मारली."

मी वकिली केली. हातभर झाल्यावर आपण त्यांना खाणारच होतो, मग फरक तो काय?

"मोठी मच्छी जाळ्याले भेते. उडी मारते, चुकवते. सुटली तं तिची, सापडली तं आपली. ह्याहिले सुटाचंच मालूम नाई. मानूस दिसला का दाना येते, एवढंच टाकीत शिकले, आन् मी तेच पक्कं केलं."

पुढच्या श्रावणात पुन्हा थैल्या आल्या. त्याच सुमारास मीही दोन दिवस घरी आलो होतो. आजानं यंदा खाऊ घालायला नकार दिल्याचं आईनं सांगितलं. सकाळी तलावावर गेलो तर तो काठावर उभा. शेजारी ओल्या मातीच्या ढेकळांचा ढीग. एकेक ढेकूळ उचलून तो पिल्लांच्या अंगावर फेकत होता. दगड मात्र त्यानं एकही घेतला नव्हता.

"काय करून राहिले आजा?"

"भेव शिकवून राहिलो."

त्या हिवाळ्यात आजा गेला. पण मला तो दिसतो तो त्या सकाळचा. ढेकूळ पाण्यात पडायचं, विरघळायचं, आणि बोटाएवढी पिल्लं तोंडं उघडून नेमकी तिथंच गोळा व्हायची. आजा म्हणत होता, "जा ना रे, जा." दम लागेपर्यंत तो फेकत राहिला. एकही गेलं नाही.