सगळ्या चकत्यांना एकच टवका

पेणकडच्या आमच्या गावात शाळेपेक्षा गणपतीचा कारखाना जवळ होता. सातवीनंतर मी तिकडेच गेलो. मूर्तीच्या कामासाठी नागपूरला आलो आणि हंगाम संपल्यावर नुसता बसून होतो, तेव्हा संग्रहालयातल्या मॅडमनी लांब मानेच्या डायनासोरचा पुतळा करायला बोलावलं. "गणपतीवाल्याला हे काय जमणार?" असं त्यांच्या ऑफिसात बोललं गेलं. त्या एकट्या माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. हे मी विसरलेलो नाही, म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

त्यांनी एक खरी चकती माझ्या तळहातावर ठेवली. दगड झालेलं हाड, पण शहारलेल्या कातडीसारखं खरखरीत.

"ही सांगाड्याची नाही," त्या म्हणाल्या. "या प्राण्याच्या कातडीत अशा चकत्या रुतलेल्या असायच्या, चिलखतासारख्या. कातडी कुजली की सुटून पडायच्या. दोन कधी सारख्या नसतात. प्रत्येक हाताने घडवा."

नमुन्याला अकरा चकत्यांच्या प्लास्टरच्या प्रती दिल्या.

उद्घाटन चार दिवसांवर आलं आणि माझा धीर सुटला. काम अर्धं राहिलं तर मॅडमचं नाव जाईल, असं मनाला समजावलं. त्या अकरातल्या एकाच प्रतीवरून रबराचा साचा घेतला, गावाकडे मूर्तीच्या कानांचा घेतात तसा. अठ्ठावीस चकत्या ओतल्या, उलटसुलट बसवल्या, रंग बदलले.

मॅडमनी विचारलं, "सगळ्या हाताने केल्यात ना?"

"हो," म्हणालो.

उद्घाटन झालं, टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी चौकीदार पुतळ्याखाली तंबाखू मळत वर बघत होता.

"काहो भाऊ, याच्या साऱ्या चकत्या एकसारख्याच फुटल्या काहून? याले रोज एकाच दगडाची ठेच लागे का गा?"

मीही हसलो. मग बघितलं. साचा घेतलेल्या त्या प्रतीची एक कड उडालेली होती. तोच टवका अठ्ठावीस वेळा.

"कोणाला सांगू नका," मी म्हटलं.

"मले काय करायचं हाय? पण उद्या शाळेचे पोट्टे येऊन राहिले. त्यांले दिसनच."

सकाळी शाळेची बस यायच्या आत मॅडमना फोन करून सगळं सांगितलं.

त्या आल्या. हात पोचेल तेवढ्या चकत्यांवरून बोट फिरवत गेल्या.

"मी तीनदा बघून गेले. मलाच कसं दिसलं नाही?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सगळ्या काढा," त्या म्हणाल्या. "मुलांना मी सांगते, काम बाकी आहे म्हणून."

मग पर्समधून कापसात गुंडाळलेली ती खरी चकती काढून त्यांनी पुन्हा माझ्यापुढे धरली. "घ्या. या वेळी नीट बघा."

माझे हात कोरडे होते, स्वच्छ होते. तरी मी ते कितीतरी वेळ शर्टाला पुसत राहिलो.