सोमारीबाईची अर्धी गोळी

बाप वारला आणि पत्रूचं नागपूरचं कॉलेज अर्ध्यावर सुटलं. मूल गावच्या शाळेत तो गणिताचा मास्तर झाला. कॅल्क्युलसचा नाद मात्र सुटला नाही. शाळा सुटली की रिकाम्या वर्गात तो फळ्यावर उदाहरणं सोडवत राही.

चोपन्न सालच्या हिवाळ्यात त्याची माय सोमारीबाई धापा टाकू लागली. पाय सुजले, आडवं होता येईना. दवाखान्यातल्या डॉक्टर देवगड्यांनी हृदय दुबळं झाल्याचं सांगून रोज एक गोळी दिली. आठवड्यात सूज उतरली, म्हातारी धान पाखडायला बसली. पण गोळी चालूच राहिली तसं तिचं अन्नावरचं मन उडालं, ओकाऱ्या लागल्या.

"बाबू, मले सारं पिवळं दिसून राह्यलं गा!"

काका भैयाजी भडकले. "फेक त्या गोळ्या! मायले जहर काऊन देतं?"

पत्रूनं गोळी थांबवली आणि सायकल थेट दवाखान्याकडे काढली.

"औषध अंगात साचलं," डॉक्टर म्हणाले. "जितकं असेल त्याचा दहावा हिस्सा रोज बाहेर जातो, बाकीचं राहतं. आता बंदच करू."

"बंद केलं तर धाप परत येईन, डॉक्टरसाहेब. मधली जागा कुठंतरी असनच. मी शोधतो."

त्या संध्याकाळी त्यानं फळ्यावर वक्र काढला. जेवढं साचेल तेवढं जास्त बाहेर पडणार. म्हणून रोज एक गोळी दिली की साठा आधी भरभर चढे, मग हळूहळू दहा गोळ्यांपाशी सपाट होई. पहिल्या आठवड्यानंतर मायला बरं वाटलं तेव्हा साठा पाच गोळ्यांच्या आसपास होता. तिथंच तो टिकवायचा तर रोज पाचाचा दहावा हिस्सा, म्हणजे अर्धी गोळी पुरे. पण अर्धी आजपासूनच दिली तर विष उतरायला फार वेळ लागेल. म्हणून आधी किती दिवस थांबायचं, तेही त्यानं काढलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः शाळेत आले. फळा निरखून म्हणाले, "हिशेब पटला. पण तो सरसकट सगळ्यांचा आहे, एकट्या तुझ्या मायच्या अंगाचा नव्हे. रोज नाडी पाहा. मंद झाली तर गोळी नाही."

थांबण्याचे दिवस कठीण गेले. पिवळेपणा ओसरला, पण शेवटी पुन्हा थोडी धाप लागली. भैयाजी दारात बसून राहिले. पत्रूनं अर्धी गोळी पुढे केली.

"ते पिवळं परत नाई ना येत?" सोमारीबाईनं विचारलं.

"आलं तर त्याच दिवशी थांबवतो, माय."

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि गोळी गिळली.

रोज सकाळी तो तिचं मनगट धरून बसे. मोहफुलं गळू लागली तेव्हा ती टोपली घेऊन झाडाखाली गेली. पुढे कितीतरी उन्हाळे ती मोहफुलं वेचत होती.

मग दर रविवारी पत्रू रोग्यांच्या गोळ्यांचा हिशेब मांडायला डॉक्टरांसोबत दवाखान्यात बसू लागला. हृदयाचे काही रोगी तगले, काही गेले. त्यांतली शेजारच्या लच्छूची बायको गेली त्या दिवशी तो घरी जेवला नाही. शाळेत जाऊन त्यानं फळा पुसला, तिच्या नाडीचे आकडे मांडले आणि कुठं चुकलं ते शोधायला बसला.