सईसाठी राखून ठेवलेला एसी

शनिवारी सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको गाडीचा एसी दाखवायला द्वारका चौकाजवळ रफीकभाईंच्या गॅरेजमध्ये गेलो. नाशिकचं ऊन यंदा असं आहे की स्टेअरिंगला नॅपकिन गुंडाळल्याशिवाय हात लावता येत नाही. पण एसी काही आम्हाला नको होता... आमची सई येणार होती.

सई आमची एकुलती एक. नोकरीसाठी जर्मनीला गेली, त्याला दोन वर्षं झाली, आणि अजून एकदाही येणं जमलेलं नाही. यंदा मे महिन्यात पंधरा दिवस येते म्हणाली आणि आमच्या घराला एकदम जाग आली. कुरडया झाल्या, तिच्या खोलीचा पंखा पुसून झाला... राहिला होता एसी.

आता एसीचं एवढं काय, असं वाटेल तुम्हाला. तर सईला लहानपणापासून गाडी लागते. वणीच्या गडाला निघालो की घाटाच्या पहिल्याच वळणावर हिचा चेहरा पांढरा पडायचा. मग हिला मागच्या सीटवर मधोमध बसवायचं आणि पुढची दोन्ही व्हेंट वळवून गार वारा थेट तोंडावर सोडायचा. हे आरशातून बघत दर वळणाला विचारायचे, "बरं वाटतंय का?" गडापर्यंत बाईसाहेब गाणी म्हणत पोचायच्या.

त्यामुळे एसी हा सईचा, असं आमच्या घरात आपोआपच ठरून गेलं. एरवी ह्यांचं मत पक्कं... एसीने सर्दी होते, पेट्रोल जास्त जातं, आणि काच खाली केली की वारा फुकट मिळतो.

तिला मुंबईला विमानात बसवून परत येताना कसाऱ्याच्या अलीकडे ह्यांनी एसी बंद केला आणि चारही काचा खाली घेतल्या. वारा एवढ्या जोरात येत होता की कोण रडतंय ते एकमेकांना कळलं नाही. बरंच झालं म्हणा. तेव्हापासून त्या बटणाला कुणी हात लावला नव्हता.

रफीकभाईंनी गेज लावून बघितलं, तर गॅस पार संपलेला. ह्यांचा विश्वासच बसेना. "अहो, आम्ही वापरलाच नाही. जपून ठेवलाय एसी."

"साहेब, जपला म्हणून तर गेला," रफीकभाई म्हणाले. "गॅससोबत आतमध्ये तेल फिरतं ना. ते फिरलं नाय की कॉम्प्रेसरचं सील सुकतं, मग तिथूनच गॅस निघून जातो. थंडीत पण अधूनमधून चालवावा लागतो."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला हसू आलं, कारण आमच्याकडे चांगल्या चादरी, चांगला टी-सेट, सगळं कुणीतरी येईल म्हणून कपाटात असतं. त्यात आता एसीची भर.

कॉम्प्रेसर काढून सील बदलायचं ठरलं. आम्ही बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो, चहा आला, आणि तेवढ्यात सईचा फोन आला. ती नुसतं "आई" म्हणाली आणि मला पुढचं सगळं कळलं. ऑफिसमध्ये कुणीतरी अचानक सोडून गेलंय, हिची सुट्टी रद्द... दिवाळीला नक्की बघते म्हणाली. मी म्हटलं, अगं असू दे, काम महत्त्वाचं. बोलताना आवाज अगदी नॉर्मल ठेवला. फोन ठेवल्यावर मात्र चहाचा कप तसाच खाली ठेवला.

ह्यांना सांगितलं. हे उठून आत गेले. मला वाटलं, आता दुरुस्ती राहू द्या म्हणणार... मे महिन्यात कुणी येणारच नाही, तर एसी कशाला? मी मागोमाग गेले. रफीकभाई उघडलेल्या कॉम्प्रेसरपाशी उभे होते.

"भाई, सील चांगल्यातलं टाका," हे म्हणाले. "लेक दिवाळीला येतेय."

दुपारपर्यंत काम झालं. निघताना रफीकभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, आता बंद नका ठेवू. लेक येईल तेव्हा येईल. तोवर तुम्ही बसा ना एसीत."

गाडीत बसल्यावर ह्यांनी स्वतःहून काचा वर केल्या. एसी लावला. आणि सवयीने दोन्ही व्हेंट मागे वळवली... मागच्या रिकाम्या सीटकडे. त्यांना कळलंही नाही. मुंबई नाक्यापर्यंत आम्ही पुढे घामाघूम, आणि मागे नुसता गारवा.

मी त्यांना गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मी उतरले आणि मागे जाऊन मधोमध बसले, सईच्या जागेवर. गार वारा थेट तोंडावर आला. इतक्या वर्षांत मी तिथे कधी बसलेच नव्हते. तिथून ह्यांचं विरळ केसांचं डोकं दिसत होतं, समोरचा रस्ता दिसत होता, आणि त्यांच्या शेजारी माझी रिकामी सीट. सईला आम्ही दोघं इथून दिसायचो तर. तिची फार आठवण आली.

ह्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

"बरं वाटतंय का?"

मी नुसती मान हलवली. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि घराच्या वळणावर न वळता गाडी सरळ गंगापूर रोडने धरणापर्यंत नेली. वाटेत तीनदा शिंकले, पण एसी काही बंद केला नाही.

आता दर शनिवारी जायचं ठरलंय. सई, ही पोस्ट वाचशील तेव्हा रडू नकोस, आणि दिवाळीला जमलं तर ये. तोवर तुझी जागा मी सांभाळते आहे.