आमची “लेक”

माझ्या सावत्र वडिलांवर माझा पूर्ण विश्वास कधीच नव्हता.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. आजच्या दिवशी असं लिहीत नाहीत, माहीत आहे. तरी शेवटपर्यंत वाचा.

आईनं दुसरं लग्न केलं तेव्हा मी शाळेत होते. मी त्यांना काका म्हणायचे.

ते माझ्याशी चांगले वागायचे. इतके चांगले, की संशय यायचा.

माझा धाकटा भाऊ अनिकेत त्यांचा स्वतःचा. त्याला शिव्या, धपाटे, सगळं. मला कधी आवाज चढवून बोलले नाहीत.

पाहुण्यांवरही कोणी आवाज चढवत नाही.

मेहकरला काकांचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवड, निधन, सगळं तिथे छापलं जायचं. आणि काकांना एक खोड होती. फ्लेक्सवर मनात येईल त्या शब्दाला अवतरणचिन्हं लावायचे. दुकानात या चिन्हांना नुसतं कोट म्हणतात.

एका निवडणुकीत त्यांनी छापलं: आपला "प्रामाणिक" उमेदवार.

अख्खं गाव हसलं. उमेदवार तणतणत दुकानात आला.

मधुकरभाऊ, हे कोट काऊन लावले? समोरच्या पार्टीनं सांगतलं का?

काका म्हणाले, अबे, मान देल्ला ना तुले! एवढा मोठा शब्द असा उघडा ठेवू का?

कायचा मान? लोकं मले कोटातला प्रामाणिक म्हणून राह्यले!

तो जाईपर्यंत काकांचा चेहरा सरळ होता. मग पोट धरून हसले. माणूस भोळा की बेरकी, मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

मी त्या वेळी शेगावला इंजिनिअरिंगला होते. सुट्टीत आले आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम करून दिला. मजकूर पेस्ट करा, बटण दाबा, सगळे कोट गायब. मग तोच मजकूर डिझाईनमध्ये.

मी बजावलं, काहीही असो, यातूनच न्यायचं.

हाव मॅडम, काका म्हणाले.

पुढे अनिकेत दहावी पास झाला. फ्लेक्स लागला: आमचा मुलगा अनिकेत, हार्दिक अभिनंदन.
कोट नाहीत. प्रोग्राम चालतोय, मला बरं वाटलं.

मग मला नोकरी लागली. एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला:

आमची “लेक” प्रज्ञा, हार्दिक अभिनंदन.

मी बसमधून उतरले आणि बॅग हातात घेऊन तिथेच थांबले.

मुलगा उघडा. लेक कोटात.

प्रोग्राम कोट काढतो. तो मीच लिहिलाय. म्हणजे हे कोणीतरी मागाहून, मुद्दाम, हातानं लावले.
आणि शब्द असा कोटात टाकला की त्याचा अर्थ होतो: म्हणायला.

म्हणायला लेक.

घरी काकांनी विचारलं, पाह्यला का फ्लेक्स? कसा वाटला?
छान आहे.
फोटो काढला का?
हो.

काढला होता. पुरावा म्हणून.

त्यांना विचारलं मात्र नाही. उत्तर आवडलं नसतं तर ते पुसायला कुठलाच प्रोग्राम नव्हता.

मग एका सकाळी दुकानाचं शटर वर करतानाच ते गेले.

आज स्मृतिदिनाच्या फ्लेक्ससाठी दुकानात गेले. दुकान आता संतोषभाऊ बघतात, काकांचे जुने ऑपरेटर; काकांना ते दादा म्हणायचे. मजकूर आईनं पाठवला होता, काकांच्याच फोनवरून. तिनंही काकांसारखेच दोन ठिकाणी कोट लावलेले. संतोषभाऊंनी मजकूर प्रोग्राममध्ये टाकला, बटण दाबलं.

कोट जागच्या जागी.

मी म्हटलं, हे निघाले का नाहीत?

संतोषभाऊ मान वर न करता म्हणाले, दादाच्या मोबाईलचे नाही निघत ताई. इथल्या कीबोर्डचे निघतात. पहिल्यापासून असंच हाय.

मला लगेच कळलं. कीबोर्डवरचं चिन्ह सरळ असतं. काही फोन मात्र वळणाची चिन्हं लावतात, शब्दाआधी एक, शब्दानंतर दुसरं. माणसाला सगळी सारखीच दिसतात. मशीनला ती वेगवेगळी अक्षरं. मी फक्त सरळ काढायला सांगितलं होतं.

मी विचारलं, अनिकेतच्या फ्लेक्सला काकांनी कोट लावले होते?

लावले व्हते ना. इथंच बसून टाईप केलं. "मुलगा" असं. तुमच्या प्रोग्रामनं खाल्ले. म्या म्हटलं, दादा, परत लावू का? तर म्हणे, राहू दे. पोरीनं बनवलं हाय, काही इचार करूनच काढले असतील.

आणि माझ्या वेळी?

तवा त्याइले धीर कुठं. तुमचा फोन आला अन् विहारातूनच मोबाईलवर मजकूर धाडला. म्या बटण दाबलं, कोट काही निघेनात. दादा असे खुश! म्हणे, पाह्य संत्या, माह्या लेकीचे कोट तिच्या मशीनलेबी निघाले नाही.



संतोषभाऊ माणूस चांगला आहे. आजच्या दिवशी मला बरं वाटावं म्हणून एखादं वाक्य रचूही शकतो.

म्हणून तपासलं. कीबोर्डवरून "मुलगा" टाईप केलं, बटण दाबलं. कोट गेले.
आईकडून काकांचा फोन मागवला, त्यावरून “लेक” पाठवलं, बटण दाबलं. कोट राहिले.

एवढंच तपासता येतं. ते खुश झाले होते का, हे तपासता येत नाही. ते मी आज, पुराव्याशिवाय, मानलं आहे.

संतोषभाऊंनी विचारलं, ताई, हे आईनं लावलेले कोट हातानं काढू का?

राहू द्या, मी म्हटलं. अजून एक ओळ आहे. आणि ती त्याच फोनवरून पाठवली.

संध्याकाळी स्टँडसमोर फ्लेक्स लागेल. कालकथित मधुकर, त्यांचा हसरा फोटो, खाली माझी ओळ. कोट बघून कोणी हसलं तर हसू द्या.

प्रोग्रामची दुरुस्ती एका ओळीची आहे. ती मी करणार नाही.

जयभीम, “बाबा”.