बंबाला चढवलेला अमेरिकी अंगरखा

गड्यांनो, आज लई शिव्या खाल्ल्यात. आता तुमीच न्याय करा.

वाण्याच्या पुडीच्या कागदावर अमेरिकेतल्या आगगाडीच्या इंजिनाचं चित्तर घावलं. माशावानी गुळगुळीत नाक, धुराडं, नळ्या, समदं पत्र्याखाली झाकल्यालं. झ्याक! म्या काल घासलेटचे डबे कापले अन् न्हाणीतल्या तांब्याच्या बंबाला तसाच अंगरखा ठोकला.

आज सकाळीच विंझरचे पाव्हणे आक्काला बघाय भोरात आले. बैलगाडीतनं येऊन धुळीनं माखल्याले, आंघोळीला ऊन पाणी पायजे. आयनं बंब पेटवला, पर खालचं राख काढायचं तोंडच म्या झाकल्यालं. इस्तव गुदमारला, न्हाणी धुरानं भरली.

"मुडद्या, राख कुठनं काढू?" आय वरडली.

"आदी पत्रा काढाय लागंल."

"मग लावलास कशाला?"

पाव्हण्यांनी गार पाण्यानं आंघोळ उरकली. आक्का रडाय लागली, सोयरीक मोडली म्हणून. तर नवऱ्याचा बाप खोकत म्हनला, "पोरगी पसंत हाय. फकस्त ह्या गड्याला आमच्या न्हाणीकडं फिरकू देऊ नका."

आक्काचं जमलं, तरी आबा पत्रा उचकाटत्यात अन् मलाच शिव्या घालत्यात. आता सांगा, त्यो अमेरिकेतला डायवर राख कुठनं काढत आसंल?