खालच्या पाइपातली अंबाडी

हेमांगीने मुलाला एकदाच विचारलं होतं, "खालच्या पाइपात अंबाडी लावलीस का रे?" भाग्येशने ओले हात पँटला पुसले आणि म्हणाला, "हो." ते उत्तर तिनेच त्याच्या हातात ठेवलं होतं.

पुण्यातली नोकरी सोडून तो तळोद्याला परत आला होता. वर्षभर घरात कोणाशी धड बोलला नाही. मग एके दिवशी मागच्या खोलीत पांढरे पाइप आले, टाकी आली, मोटार आली, जांभळट दिवे लागले. मातीशिवाय शेती करायची म्हणाला. पोरगं काहीतरी करायला लागलं याचंच हेमांगीला इतकं बरं वाटलं, की वरचे दोन पाइप तिने हौसेने मागून घेतले आणि त्यात मेथी-कोथिंबीर लावली. खालचे त्याचे. टाकी मात्र सगळ्यांना एकच. त्याच्या सहा झाडांसाठी तो जे पाण्यात टाकायचा तेच कोथिंबिरीलाही जायचं आणि तिची पानं कडेने करपायची. तो बाहेर गेला की टाकी भरायची, मोटारीवर कान ठेवायचा, एखादं झाड फार उंच होऊन बाकीच्यांचा उजेड अडवायला लागलं की सुतळीने वाकवून बांधायचं, हे सगळं ती करी. त्यानेच शिकवलं होतं. मायलेकांचं बोलणं होई ते त्या टाकीपाशीच.

फाल्गुनात तिच्या सासूला, दगूबाईंना, जेवण जाईनासं झालं. दोन दिवस नुसत्या चहावर होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अंबाडीनी भाजी ऱ्हाती ते दादरनी भाकर खाती मी." दादर ज्वारी घरात होतीच; अंबाडी पावसाळ्यात कापसाच्या बांधावर होते. फाल्गुनात कुठली? पण हेमांगीच्या घरात होती. भाग्येश खापर गावाला गेला होता. तिने खालच्या पाइपातले कोवळे शेंडे खुडले. त्यांना चिकट, उग्र वास येत होता. तिला वाटलं, टाकीतल्या औषधाचा असेल. तिने पाला तीन पाण्यांनी धुतला, तेलात भरपूर लसूण घालून, कण्या टाकून भाजी शिजवली.

"हेमांगी, आंबट नई लागी ऱ्हायनी व."

"पाण्यात वाढलीय ना, आत्याबाई."

"मातीच नई, ते चव कथाईन ई?" म्हातारी हसली.

हेमांगीने चिंच कोळून घातली. भाजी आंबट झाली. दगूबाईंनी दोनदा वाढून घेतली. हेमांगीला गुरुवारचा उपास होता.

दोन तासांनी दगूबाई ओट्यावर बसून मेलेल्या जावेशी बोलू लागल्या. मग एकदम घाबरल्या, सुनेला म्हणाल्या, "तू कोन शे?" उठायला गेल्या आणि ओट्यावरून खाली कोसळल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, मांडीचं हाड मोडल्याचं सांगितलं. "आज वेगळं काही खाल्लं का? झाडपाला? कोणाचं औषध?"

"अंबाडीची भाजी," हेमांगी म्हणाली आणि तेवढ्यात तिला तो वास आठवला. तिने बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं होतं. अंबाडीचं पान चिरलेलं असतं, पण ते एकच पान असतं. पाइपातल्या झाडाची पाती देठापासून सुटी होती. खोडावर अंबाडीचे काटेही नव्हते. रोज हाताने बांधलेलं झाड तिने एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

बाहेर येऊन तिने फोन लावला. "भाग्येश, खाली काय लावलंयस?"

"का?"

"तुझ्या आजीला त्याची भाजी करून घातली मी."

त्याने जीप थांबवायला लावली आणि खाली उतरला. मग तो म्हणाला, "गांजा आहे. आई, डॉक्टरला सांगू नको. मी आत जाईन."

"तिचं डोकं फिरलंय रे."

"उतरेल ते. उद्यापर्यंत उतरेल. सांगू नको."

ती आत गेली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "नक्की अंबाडीच ना?"

"हो."

त्यांनी कागदावर लिहिलं: वय, विस्मरण, गोंधळ.

ती घरी आली तेव्हा पाइप रिकामे होते. वरच्या पाइपांतली मुळं जोडनळ्यांतून खाली उतरून इतकी गुंतली होती की सहा झाडांबरोबर मेथी-कोथिंबीरही ओढून निघाली होती. भाग्येशने सगळं कुठे नेलं हे तिने विचारलं नाही. धडगावला नोकरीला असलेला तिचा नवरा, हेमकांत, शनिवारी घरी आला. त्याला पाइप खराब झाल्याचं सांगितलं.

दगूबाईंचं डोकं दुसऱ्या दिवशी दुपारीच लखलखीत ताळ्यावर आलं होतं. त्यामुळेच आपण काय बोललो, सुनेला ओळखलं नाही, हे सगळं त्यांना आठवत होतं. तापीकाठच्या गावांतले लोक सोयरीक जुळवण्याआधी त्यांच्याकडे येत. कोणाची आत्या कुठे दिली, कोणतं घर नात्यात पडतं, हे त्यांना चार पिढ्यांपर्यंत तोंडपाठ. परवा तसेच दोघे आले. दगूबाई खाटेवरूनच म्हणाल्या, "माले नका विचारू भाऊ. मन्हं डोकं गयं." ते दोघे विचारणार होते ते सगळं त्यांना ठाऊक होतं. हेमांगी पाण्याचे पेले घेऊन दारात उभी राहिली. ते दोघे पाणी न पिताच उठले.

डॉक्टरांनी विसरभोळेपणाच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. रोज सकाळी एक. गोळी घेतली की म्हातारीला गरगरतं, हात थरथरतो, आणि त्यामुळे त्यांची खात्री आणखी पक्की होते. हेमांगीने एकदा गोळी चुकवून पाहिली, तर दगूबाईंनीच आठवण करून दिली.

"हेमांगी, खरं सांग. मी येडीगत करी ऱ्हायनी व्हती ना त्या दिवशी?"

भाग्येश शेजारच्या खोलीत होता. त्याच्या खाटेचा आवाज थांबला.

"वय झालं, आत्याबाई," हेमांगी म्हणाली, आणि तिने गोळी त्यांच्या तळव्यावर ठेवली.